अँजिओप्लास्टी किंवा बायपासनंतर : काय जाणवतं, कशाला घाबरायचं, काय करायचं

अँजिओप्लास्टी किंवा बायपास होऊन घरी आलेल्या माणसाला पहिले काही आठवडे सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न एकच असतो : आत्ता छातीत जे टोचलं, ते काय होतं? आजारापूर्वी अशी टोच कितीदा आली तरी तिकडे लक्षही गेलं नसतं. आता रात्री कूस बदलताना बरगडीत कळ आली तरी माणूस दचकून उठून बसतो आणि त्याच्यामागोमाग सगळं घर जागं होतं. यातून गेलेल्यांशी बोलताना पुन्हापुन्हा ऐकू येतं की जखम भरली, ताकद आली, पण धास्ती रेंगाळत राहिली. ती कमी करायचा खात्रीचा मार्ग मला एकच दिसतो : या काळात शरीर काय काय करतं, त्यातलं नेहमीचं कोणतं आणि धोक्याचं कोणतं, हे आधीच माहीत करून घेणं.

पुढचं सगळं त्याच हेतूने लिहिलं आहे. यातल्या मुदती आणि आकडे गुंतागुंत न झालेल्या रुग्णासाठी आहेत. मोठा हार्ट अटॅक येऊन गेला असेल, हृदयाची ताकद कमी झाली असेल किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेली मुदतच पाळायची.

हॉस्पिटल सोडण्याआधी

निघायच्या घाईत डिस्चार्ज कार्डाची घडी होते, ते पिशवीत जातं आणि पुढच्या तपासणीपर्यंत कोणी उघडत नाही. ते तिथेच, डॉक्टर किंवा नर्स समोर असताना वाचा. कोणत्या रक्तवाहिनीत स्टेंट (वाहिनी उघडी ठेवणारी जाळी) बसवला किंवा कोणकोणत्या वाहिन्यांना बायपास जोडला, हे विचारा. इतर ठिकाणी ब्लॉकेज उरलं आहे का, आणि असेल तर त्याचं पुढे काय करायचं ठरलं आहे? हा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत आणि दोन महिन्यांनी ‘अजून एक ब्लॉकेज आहे’ हे कळल्यावर हादरतात. ॲस्पिरिनच्या जोडीला दिलेली रक्त पातळ करणारी दुसरी गोळी कोणत्या तारखेपर्यंत घ्यायची, ती तारीख लिहून घ्या. रात्री-अपरात्री त्रास झाला तर कोणत्या नंबरवर फोन करायचा, तोही लिहून घ्या.

टू-डी इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टमधला पंपिंगचा आकडा पाहून अनेकांचा जीव घाबरा होतो. ५५ टक्के म्हणजे १०० पैकी ५५ गुण, असं वाटतं. ते तसं नाही. निरोगी हृदयसुद्धा एका ठोक्याला आतलं सगळं रक्त बाहेर टाकत नाही. साधारण ५५ ते ७० टक्के टाकतं. म्हणजे ५५ हा नॉर्मल आकडा आहे. अटॅकनंतर लगेच तो कमी आला असेल, तरी योग्य उपचारांनी पुढच्या काही आठवड्यांत तो बऱ्याच जणांत सुधारतो. म्हणून इको पुन्हा कधी करायचा, हेही विचारून ठेवा.

स्टेंट बसवल्यावर एक छोटं कार्ड देतात. त्यावर स्टेंटचा प्रकार, माप आणि तारीख असते. ते पाकिटात ठेवा आणि त्याचा फोटो फोनमध्ये काढून ठेवा. पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर हे कार्ड दाखवा. सध्याच्या कोरोनरी स्टेंटसह एमआरआय करता येतो. विमानतळावरच्या तपासणीतही स्टेंटमुळे अडचण येत नाही.

नेमकं काय झालं आहे

हे समजल्याशिवाय पुढची पथ्यं ओझं वाटतात. आंद्रेआस ग्रुंटझिग या डॉक्टरांनी १९७७ साली झ्युरिकमध्ये पहिल्यांदा हृदयाच्या अरुंद झालेल्या रक्तवाहिनीत फुगा फुगवून ती रुंद केली. फुगा काढल्यावर वाहिनी पुन्हा आक्रसायची, म्हणून १९८६ पासून तिथे धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, बसवायला सुरुवात झाली. पण काही महिन्यांत जाळीच्या आत नवी ऊती वाढून वाट पुन्हा अरुंद व्हायची. त्यावर उपाय म्हणून औषधाचा लेप असलेले स्टेंट आले. हा लेप ऊतीची वाढ रोखतो. पण त्यामुळेच जाळीवर रक्तवाहिनीचं स्वतःचं नाजूक अस्तर चढायलाही जास्त वेळ लागतो. अस्तर चढेपर्यंत रक्ताला उघडा धातू लागतो आणि तिथे गुठळी होऊ शकते. दोन-दोन गोळ्या महिनोन्‌महिने घ्यायच्या त्या याच कारणासाठी.

बायपासमध्ये ब्लॉकेजला हातही लावत नाहीत. रक्ताला त्याच्या पुढे नेणारी वेगळी वाट जोडतात. १९६७ मध्ये क्लीव्हलँडला रेने फावालोरो यांनी पायाची शीर वापरून ही शस्त्रक्रिया केली आणि तिथून तिचा प्रसार झाला. आता बहुधा छातीच्या आतल्या बाजूची एक धमनी आणि गरजेप्रमाणे पायाच्या शिरा किंवा हाताची धमनी वापरतात.

दोन्ही उपचारांनी रक्ताची वाट मोकळी होते. रक्तवाहिन्यांच्या भिंतींत चरबी साठण्याचा मूळ आजार मात्र शरीरात तसाच असतो. अटॅक येत असताना केलेली अँजिओप्लास्टी जीव वाचवते, हृदयाचा स्नायू वाचवते. तरीही ‘आता ब्लॉकेज काढलं, मी बरा झालो’ असं समजून गोळ्या सोडणारा माणूस सगळ्यात जास्त धोक्यात असतो.

अँजिओप्लास्टीनंतरचा पहिला आठवडा

फुगा आणि स्टेंट हृदयापर्यंत नेणारी नळी मनगटातून घातली असेल तर तिथे निळा-जांभळा डाग पडतो. काही दिवसांत तो पिवळट होत कोपराच्या दिशेला पसरतो. दिसायला भीतीदायक, पण रक्त शोषलं जात असल्याचं ते लक्षण आहे. पहिले दोन-तीन दिवस त्या हाताने वजन उचलू नका, मनगट जोरात पिळवटू नका, उठताना त्या हातावर भार देऊ नका.

नळी जांघेतून घातली असेल तर साधारण आठवडाभर ४-५ किलोच्या वर काही उचलायचं नाही, उकिडवं बसायचं नाही, शौचाला जोर करायचा नाही. खोकला किंवा शिंक आली तर त्या जागेवर हात दाबून धरा. तिथे वाटाण्याएवढी गाठ हाताला लागणं नेहमीचं आहे. ती गाठ मोठी होत गेली, तिच्यात ठोके जाणवले किंवा पाय गार पडला, सुन्न झाला, तर त्याच दिवशी दाखवायला हवं. आंघोळ चालते; जखम पाण्यात बुडवणं, पोहणं आठवडाभर नको.

रक्त येऊ लागलं तर काय करायचं, याची तालीम घरातल्या प्रत्येकाने करून ठेवावी. मनगटातून येत असेल तर बसा, हात उंच धरा आणि बोटांनी घट्ट दाबा. जांघेतून येत असेल तर ताबडतोब जमिनीवर सपाट झोपायचं आणि दुसऱ्याने त्या जागेवर तळहाताने पूर्ण जोर देऊन दाबायचं. दहा मिनिटं हात उचलून बघायचं नाही. रक्त उसळत असेल, दहा मिनिटांत थांबलं नाही किंवा माणसाला चक्कर आली, तर दाब न सोडता रुग्णवाहिका बोलवा. स्वतः गाडी चालवत हॉस्पिटलला निघू नका.

रक्तवाहिन्या एक्स-रेत दिसाव्यात म्हणून टोचलेलं द्रव्य, म्हणजे डाय, मूत्रपिंडांतून बाहेर पडतो, म्हणून पाण्यावर बंधन नसेल तर पहिले एक-दोन दिवस पुरेसं पाणी प्या. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी काहींना दोन दिवस थांबवायला सांगतात. ती पुन्हा कधी सुरू करायची, हे विचारायचं राहून जातं आणि मग साखर वाढते.

थकवा येतो. अटॅक न येता ठरवून केलेल्या अँजिओप्लास्टीनंतर तो काही दिवसांत ओसरतो. अटॅक आला असेल तर काही आठवडे लागतात. ‘एवढीशी तर भोक पाडून केलेली प्रक्रिया, मग मी असा गळून का गेलो?’ असं अनेकांना वाटतं. बाहेरची जखम लहान असली तरी अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूला झालेली इजा लहान असतेच असं नाही.

छातीतली टोच : ओळखायची कशी

स्टेंट बसवल्यावर पहिले एक-दोन दिवस छातीत बोथट दुखल्यासारखं वाटू शकतं. वाहिनी ताणली गेलेली असते. त्यानंतर सुईसारखी, क्षणभर येऊन जाणारी टोच कित्येकांना महिनाभर अधूनमधून जाणवते. दुखरी जागा एका बोटाने दाखवता येत असेल, तिथे दाबल्यावर जास्त दुखत असेल, कूस बदलल्याने किंवा श्वास घेतल्याने कमीजास्त होत असेल आणि काही सेकंदांतच जात असेल, तर ते बहुधा स्नायू-बरगड्यांचं दुखणं असतं.

हृदयाचं दुखणं वेगळं असतं. ते दाखवताना माणूस बोट ठेवत नाही, अख्खा तळहात किंवा मूठ छातीवर ठेवतो. दाब, आवळल्यासारखं, जड, जळजळल्यासारखं, असे शब्द वापरतो. ते जबडा, गळा, खांदा, हात किंवा पाठीकडे जातं, सोबत घाम येतो, मळमळतं, दम लागतो. चालताना, जिना चढताना येतं आणि थांबल्यावर ओसरतं. सगळ्यात मोलाची खूण म्हणजे हे दुखणं अँजिओप्लास्टीपूर्वीच्या दुखण्यासारखं आहे का. तो अनुभव फक्त रुग्णाकडे असतो. म्हणून मी प्रत्येकाला सांगेन की आजाराच्या वेळी नेमकं काय वाटलं होतं, ते आठवून चार ओळींत लिहून ठेवा, घरच्यांनाही वाचून दाखवा. स्त्रिया, वृद्ध आणि जुना मधुमेह असलेल्यांमध्ये छाती न दुखता नुसता दम, अचानक आलेला विचित्र थकवा किंवा मळमळ हीच खूण असू शकते.

डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी किंवा स्प्रे दिला असेल तर तो असा वापरायचा. आधी बसा, कारण त्याने रक्तदाब उतरतो आणि उभं असताना चक्कर येऊन पडायला होतं. एक गोळी जिभेखाली ठेवा, गिळू नका. पाच मिनिटांत दुखणं कमी झालं नाही किंवा वाढत गेलं, तर रुग्णवाहिका बोलवा. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर ती येईपर्यंत पाच-पाच मिनिटांनी आणखी एक-एक, एकूण तीनपर्यंत घेता येतात. विश्रांती घेत असताना दुखू लागलं आणि सोबत घाम फुटला असेल, तर पाच मिनिटंही वाट बघू नका. कळवल्यानंतर ते ॲसिडिटीचं निघालं, तर संकोच वाटण्यासारखं त्यात काही नाही. ईसीजी नॉर्मल आला म्हणून कोणताही चांगला डॉक्टर रागावत नाही.

औषधाचा लेप असलेले स्टेंटही थोड्या रुग्णांमध्ये पुन्हा अरुंद होतात. ते सहसा पहिल्या वर्षात, काही महिन्यांनंतर होतं आणि बहुतेकदा हळूहळू : आधी सहज चढत असलेल्या जिन्यावर पुन्हा छाती भरून येऊ लागते. स्टेंटमध्ये अचानक गुठळी होणं मात्र वेगळं आणि फार गंभीर. त्याचा धोका पहिल्या महिन्यात सर्वांत जास्त असतो आणि त्याचं एक ठळक कारण म्हणजे गोळ्या बंद होणं.

गोळ्या

स्टेंटनंतर ॲस्पिरिनबरोबर क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल यांपैकी एक गोळी असते. लोक यांना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या म्हणतात. प्रत्यक्षात त्या रक्तातल्या प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू देत नाहीत. अटॅकनंतर ही जोडी सहसा १२ महिने घ्यायची असते, ठरवून केलेल्या अँजिओप्लास्टीनंतर सहसा ६ महिने. रक्तस्रावाचा धोका फार असलेल्यांना डॉक्टर मुदत कमी करून १ ते ३ महिनेही करतात. हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञाचाच. दात काढायचा आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, एंडोस्कोपी आहे, अशा वेळी दुसऱ्या डॉक्टरांनी ‘पाच दिवस गोळ्या बंद ठेवा’ म्हटलं, तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा. दाताची बरीच कामं गोळ्या चालू ठेवून होतात. थांबू शकणारी मोठी शस्त्रक्रिया शक्यतो काही महिने पुढे ढकलतात.

एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नका, फक्त ठरलेला डोस घ्या. टिकाग्रेलॉर दिवसातून दोनदा असते आणि संध्याकाळची गोळी विसरण्याचं प्रमाण जास्त. तिला फोनचा गजर लावा. औषधं संपायच्या आठवडाभर आधी नवी आणा.

टिकाग्रेलॉरमुळे काहींना उगाच दम लागल्यासारखं होतं, बसल्याबसल्याही. माणूस घाबरतो, आणि गोळीमुळे होतंय हे कळलं की चिडून ती बंद करतो. बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. कधी ते आपोआप जातं, कधी गोळी बदलून देतात. अंगावर सहज काळेनिळे डाग पडणं, दात घासताना थोडं रक्त येणं चालतं. शौचाला डांबरासारखी काळी झाली, लघवीतून किंवा उलटीतून रक्त आलं, डोक्याला मार लागला किंवा अचानक कधी नव्हे इतकं डोकं दुखलं, तर तातडीने दाखवा.

अंगदुखीसाठी घरात पडलेली आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामकं आता नकोत. त्यांनी रक्तस्राव आणि हृदयाचा धोका दोन्ही वाढतात. साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल पुरते. ॲसिडिटीच्या गोळीतही निवड असते : ओमेप्राझोल आणि एसोमेप्राझोलमुळे क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी होऊ शकतो, म्हणून बहुधा पँटोप्राझोल देतात.

ॲटोरव्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी (स्टॅटिन) आकडा नॉर्मल आला की सोडून द्यायची नसते. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ७० च्या खाली, बऱ्याच डॉक्टरांच्या मते ५५ च्या खाली आणायचा आणि तिथे टिकवायचा असतो. ती साठलेल्या चरबीचे थर फुटू देत नाही, यातच तिचं मोल आहे. स्नायू दुखले तर सांगा. डोस किंवा औषध बदलता येतं. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉलसारख्या ठोके संथ करणाऱ्या गोळ्यांनी सुरुवातीला मरगळ येते, हातपाय गार पडतात. त्या अचानक थांबवणं धोक्याचं आहे. रामिप्रिलसारख्या रक्तदाबाच्या गोळीने कोरडा, चिवट खोकला येऊ शकतो. महिनोन्‌महिने कफ सिरप पिण्यापेक्षा डॉक्टरांना विचारा, त्याला दुसरा पर्याय आहे.

बायपासनंतर

इथे वेळापत्रकच निराळं. छातीचं मधलं हाड कापून तारेने पुन्हा जोडलेलं असतं आणि ते सांधायला ६ ते ८ आठवडे, पुरतं घट्ट व्हायला तीनेक महिने लागतात. तोवर ४-५ किलोच्या वर काही उचलू, ढकलू, ओढू नका. पलंगावरून उठताना हातांवर जोर देऊ नका : आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा आणि कोपराच्या हलक्या आधाराने, अंग एकसंध ठेवत बसा. खुर्चीतून उठताना पुढे सरकून मांड्यांच्या जोरावर उठा. खोकताना उशी छातीशी घट्ट कवटाळा. दुखतं म्हणून खोकला दाबून ठेवू नका. कफ साठला तर न्यूमोनिया होतो. श्वास आत ओढायचं यंत्र दिलं असेल तर सांगितल्याप्रमाणे वापरत राहा. स्त्रियांना मऊ, पुढून उघडणाऱ्या आधाराच्या अंतर्वस्त्राने टाक्यांवरचा ताण कमी होतो.

हाडात टकटक, कचकच जाणवणं, दोन बाजू हलल्यासारखं वाटणं, टाक्यांतून पू किंवा पाणी येणं, ३८ अंश सेल्सियसच्या वर ताप येणं, यातलं काहीही झालं तरी त्याच दिवशी कळवा.

बाकीच्या बऱ्याच गोष्टी त्रासदायक असल्या तरी नेहमीच्या असतात. त्या आधी कोणी सांगितल्या नाहीत, म्हणून जास्त घाबरायला होतं. छातीच्या डाव्या बाजूला बधिरपणा किंवा मुंग्या, कारण आतली धमनी काढताना तिथल्या लहान नसा दुखावतात. शीर काढलेल्या पायाला सूज आणि घोट्याजवळ बधिरपणा. बसताना पाय वर घ्या, सांगितले असतील तर दाब देणारे मोजे घाला. पण एका पायाची पोटरी अचानक सुजून दुखू लागली तर दाखवा. मान, खांदे, पाठ आखडते. तोंडाला चव नसते, अन्नाचा वास नकोसा होतो. झोप तुटक लागते, विचित्र आणि जिवंत वाटणारी स्वप्नं पडतात. वाचलेलं लक्षात राहत नाही, बोलताना शब्द सापडत नाही. बहुतेकांचं हे सगळं काही आठवडे ते काही महिन्यांत निवळतं.

बायपास झालेल्या सुमारे २० ते ४० टक्के रुग्णांत पहिल्या काही दिवसांत हृदयाची लय बिघडते, ठोके अनियमित आणि जोरात पडतात. हे बहुधा हॉस्पिटलमध्येच होतं आणि औषधांनी आटोक्यात येतं. घरी आल्यावर असं वाटलं तर नाडी मोजा आणि कळवा. रोज सकाळी लघवी करून आल्यावर, काही खाण्याआधी वजन करा. एका दिवसात एक-दीड किलो किंवा आठवड्यात दोन-अडीच किलो वाढलं, तर अंगात पाणी साठत असण्याची शक्यता असते.

चालणं

हॉस्पिटलमध्ये असतानाच उभं करतात, चालवतात. घरी आल्यावर तेच पुढे न्यायचं. पहिल्या आठवड्यात सपाट जागेवर पाच-दहा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. दर दोन-तीन दिवसांनी एक-दोन मिनिटं वाढवा. चार ते सहा आठवड्यांत सलग अर्धा तास चालता येणं, हे बहुतेकांच्या आवाक्यातलं ध्येय आहे. अँजिओप्लास्टीनंतर त्याहून लवकरही जमतं. पुढे आठवड्याला १५० मिनिटं.

वेग किती? चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये. नाडीच्या आकड्यावर एकट्यावर विसंबू नका, कारण वर सांगितलेल्या मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्या नाडी वाढूच देत नाहीत. सुरुवातीची आणि शेवटची पाच मिनिटं संथ ठेवा. जेवल्यावर लगेच, फार उन्हात किंवा कडक थंडीत चालू नका. छातीत दाब, चक्कर किंवा नेहमीपेक्षा जास्त दम आला की थांबा, बसा. एक दिवस छान वाटलं म्हणून दुप्पट करू नका. दुसऱ्या दिवशी अंथरुणाला खिळायची वेळ येते आणि मन खचतं.

कार्डियाक रिहॅब उपलब्ध असेल तर नक्की जा. बारा आठवड्यांच्या अशा कार्यक्रमात देखरेखीखाली व्यायाम, औषधांची समज आणि आहाराचा सल्ला मिळतो. त्याने पुन्हा हॉस्पिटलमध्ये भरती व्हायचं प्रमाण घटतं, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. माझ्या मते त्याचा सर्वांत मोठा लाभ आणखी वेगळा आहे. तज्ज्ञाच्या नजरेसमोर, मॉनिटर लावून दम लागेपर्यंत चालल्यावर काही झालं नाही, हे एकदा अनुभवलं की घरी जिना चढायची भीती जाते. हा विश्वास शब्दांनी देता येत नाही.

मन

चौथ्या-पाचव्या दिवशी कारण नसताना रडू येतं. चिडचिड होते. कोणी भेटायला आलं की नकोसं वाटतं, कोणी आलं नाही तर वाईट वाटतं. अटॅक आलेल्या दर पाचांपैकी साधारण एका रुग्णाला खरंखुरं नैराश्य येतं, आणि नैराश्य आलेल्यांची हृदयाची प्रकृतीही जास्त बिघडते. कारण ते गोळ्या टाळतात, चालत नाहीत, पुन्हा सिगारेटकडे वळतात. शिवाय सतत ताणाचा शरीरावर परिणाम होतोच. दोन आठवड्यांहून जास्त काळ उदासी टिकली, कशातच रस वाटेना, झोप-भूक गेली, ‘मी सगळ्यांवर ओझं आहे’ असं वाटू लागलं, तर ते डॉक्टरांना छातीत दुखण्याइतक्याच स्पष्टपणे सांगा. हृदयाच्या औषधांबरोबर चालतील अशी नैराश्याची औषधं आहेत, समुपदेशन आहे. स्वतःचा जीव संपवण्याचे विचार आले तर त्याच क्षणी जवळच्याला सांगा आणि तातडीची मदत घ्या.

घरच्यांनाही एक सांगणं आहे. प्रेमापोटी तुम्ही त्यांना पाण्याचा पेलाही उचलू देत नाही, सतत ‘दुखत नाही ना?’ विचारता. त्यातून रुग्णाला आपण मोडलो आहोत असंच वाटत राहतं. विचारायची एक वेळ ठरवा, सकाळी गोळ्यांच्या वेळी. जी कामं डॉक्टरांनी चालतील म्हटलं आहे, ती त्यांना करू द्या. रात्र-रात्र श्वास मोजत जागणाऱ्या जोडीदाराची भीतीही खरी असते. तपासणीला त्यालाही सोबत न्या आणि त्याचे प्रश्न त्यालाच विचारू द्या.

गाडी, काम, शरीरसंबंध

सरळ पार पडलेल्या अँजिओप्लास्टीनंतर साधारण आठवड्याने गाडी चालवता येते, बायपासनंतर चार ते सहा आठवड्यांनी. व्यावसायिक चालकांचे नियम कडक असतात, ते आधी तपासा. बैठं काम अँजिओप्लास्टीनंतर आठवडाभरात, अटॅकनंतर थोडं उशिरा आणि बायपासनंतर सहा ते बारा आठवड्यांत सुरू होतं. अंगमेहनतीचं काम त्याहून उशिरा.

शरीरसंबंधांबद्दल विचारायला बहुतेकांना संकोच वाटतो आणि डॉक्टरही स्वतःहून बोलत नाहीत, म्हणून जोडपी महिनोन्‌महिने एकमेकांपासून घाबरून दूर राहतात. साधा निकष असा : दोन जिने न थांबता चढल्यावर छातीत दुखत नसेल, फार दम लागत नसेल, तर सहसा हरकत नसते. बायपासनंतर हाड सांधेपर्यंत छातीवर भार येणार नाही, असं पाहा. सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिलसारखी लिंगाच्या ताठरतेसाठीची गोळी मात्र विचारल्याशिवाय नको. जिभेखालच्या किंवा इतर नायट्रेट औषधाबरोबर ती घेतली तर रक्तदाब जीवघेणा खाली जाऊ शकतो. अशी गोळी घेतल्यानंतर छातीत दुखून हॉस्पिटलला जावं लागलं, तर आधी ते सांगा. लाजू नका, कारण तिथे पहिलं औषध नायट्रेटच देण्याची शक्यता असते.

सिगारेट आणि तंबाखू

अटॅकनंतर तंबाखू सोडणाऱ्यांचा मृत्यूचा धोका न सोडणाऱ्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो. एका गोळीने इतका फरक पडणं कठीण. हॉस्पिटलमधले दिवस आपोआप तंबाखूशिवाय गेलेले असतात, म्हणजे सर्वांत अवघड टप्पा अर्धा पार पडलेला असतो. तोच धागा पुढे न्या. घरातली सगळी पाकिटं, लायटर, डब्या रुग्ण घरी यायच्या आधी बाहेर काढा. निकोटिनचे पॅच किंवा गोळ्या हव्या असतील तर डॉक्टरांना विचारून घ्या.

पहिल्या वर्षातल्या तपासण्या

एक-दोन आठवड्यांत पहिली भेट, त्यानंतर साधारण एक ते तीन महिन्यांनी कोलेस्टेरॉल आणि लिव्हरची रक्ततपासणी. रक्तदाब बहुतेकांचा १३०/८० च्या आत हवा. घरी मोजताना पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकवून, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून मोजा आणि वहीत तारखेसह लिहा. मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखर तपासा. फ्लूची लस दरवर्षी घेतलेली बरी, कारण फ्लूच्या आजारपणात अटॅकचा धोका वाढतो. त्रास काहीच नसताना ‘स्टेंट उघडा आहे ना, बघू या’ म्हणून दरवर्षी अँजिओग्राफी करायची सहसा गरज नसते.

बायपास झालेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. छातीतली धमनी वापरून केलेली जोडणी दहा वर्षांनीही बहुतेकांत उघडी असते. पायाच्या शिरांच्या जोडण्यांतल्या जवळजवळ निम्म्या तोवर बंद पडतात किंवा खराब होतात. ते लांबवायचं साधन म्हणजे ॲस्पिरिन, स्टॅटिन, तंबाखूपासून पूर्ण सुटका आणि ताब्यातली साखर.

दुसऱ्या रक्त पातळ करणाऱ्या गोळीची लिहून ठेवलेली तारीख जवळ आली की तिच्या दोन-तीन आठवडे आधी भेटीची वेळ घ्या. डिस्चार्ज कार्ड, स्टेंटचं कार्ड, रक्तदाबाची वही आणि सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. गेल्या वर्षभरात कुठून रक्त गेलं का, कधी छाती भरून आली का, हे सांगा. त्यावरून ती गोळी थांबवायची, बदलायची की आणखी काही काळ चालू ठेवायची, हे डॉक्टर ठरवतील. उरलेल्या गोळ्यांपैकी एक, बहुधा ॲस्पिरिन, आणि स्टॅटिन या दोन्ही बहुतेकांना कायम घ्याव्या लागतात. पाकिटावरची पट्टी संपली म्हणजे कोर्स संपला, असं नसतं.